आवक थांबली, जावक चालूच राहिली: कोरोनाच्या पाच वर्षांनंतर घरच्या हिशोबाबद्दल

सुगरण_पुणे | २४ मार्च २०२५, रात्री ९:४०

आज पाच वर्षं झाली. रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली, तेव्हा माझ्या मेसच्या ओट्यावर दोन किलो मटकी मोड यायला बांधून ठेवली होती. अकरा मुलांसाठी. महिन्याच्या सुरुवातीला पंच्याऐंशी मुलं जेवत होती. ५ एप्रिलला एमपीएससीची पूर्वपरीक्षा होती, त्यामुळे मार्च म्हणजे आमचा भरगच्च महिना. मग बातम्या यायला लागल्या आणि मुलं बीड, लातूर, परभणीच्या गाड्या पकडून निघून गेली. परीक्षा पुढे गेली, पुन्हा गेली, पुन्हा गेली. शेवटी झाली ती २१ मार्च २०२१ला.

सदाशिव पेठेत माझी मेस आहे. तेव्हा मुलांकडून महिन्याला २,५०० रुपये आगाऊ घ्यायचे. १ एप्रिल २०२०ला एक रुपयाही आला नाही. पण जागेचं भाडं २२ हजार, पोळ्या लाटणाऱ्या दोघींचे मिळून १८ हजार, भांड्यांच्या मावशींचे ८ हजार, घराचा हप्ता १४,३०० आणि डीप फ्रीजरचा ४,१००. बेरीज ६६,४००. यात आमच्या घरचं जेवण, वीज, मुलाची फी काहीच धरलेलं नाही. बँकेत होते १ लाख १५ हजार.

मी हा भागाकार आयुष्यात पहिल्यांदा त्या एप्रिलमध्ये केला. उत्तर आलं पावणेदोन महिने. बारा वर्षं चांगली चाललेली मेस, उधारी नाही, नाव चांगलं, दर दिवाळीला नफा मोजून समाधानाने झोपणारी मी, आणि दम पावणेदोन महिन्यांचा. किती मिळतं हे मला तोंडपाठ होतं. मिळणं थांबलं तर किती दिवस उभी राहीन, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

एका पतसंस्थेत तीन लाखांची ठेव होती. मोडायला गेले तर शटर खाली. जूनमध्ये उघडल्यावर "ताई, थोडं थांबा, सध्या सगळेच काढायला येताहेत" असं उत्तर. ती रक्कम हातात पडायला फेब्रुवारी उजाडला. मिळाली हे खरं, पण जेव्हा हवी होती तेव्हा ती माझी नव्हती.

मला इथल्या लोकांकडून खरे आकडे आणि खरे अनुभव हवे आहेत. तुमच्याकडे तेव्हा किती महिन्यांचा दम होता? काय उपयोगी पडलं, काय कागदावरच राहिलं? आणि त्यानंतर काय बदललंत?

---

कारकून_सांगली | २४ मार्च, रात्री १०:२५

ताई, भागाकार अगदी योग्य केलात. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. तुम्ही हप्ते सहा महिने थांबवले होते का? त्याबद्दल लोकांमध्ये अजूनही मोठा गैरसमज आहे.

---

सुगरण_पुणे | २४ मार्च, रात्री १०:३१

हो, सहाही महिने. दुसरा इलाजच नव्हता. शाखेतून फोन आला तेव्हा एवढंच सांगितलं, की हप्ता भरू नका, सरकारने माफ केलाय. नंतर कळलं की माफ वगैरे काही नव्हतं.

---

कारकून_सांगली | २४ मार्च, रात्री ११:१०

तेच म्हणतोय. जरा सविस्तर लिहितो.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२०ला आधी तीन महिन्यांची सवलत दिली, मग २२ मेला ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. समजा २० लाख बाकी आहे, दर ९ टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता येतो साधारण २०,२८५. सहा महिने काहीच भरलं नाही तर बाकी होते सुमारे २० लाख ९१ हजार ७००. पुढे हप्ता तेवढाच ठेवला तर १८० हप्त्यांऐवजी जवळजवळ १९९ भरावे लागतात. म्हणजे सहा हप्ते पुढे ढकलण्याची किंमत एकोणीस जादा हप्ते. कर्ज नवीन असेल, मुदत लांब असेल तर हा आकडा आणखी फुगतो, कारण सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त असतं.

आणि "व्याजावरचं व्याज परत मिळालं" म्हणून लोक खूश झाले होते ना, त्याचाही हिशोब बघा. वरच्या उदाहरणात सरळव्याज ९०,००० आणि चक्रवाढ ९१,७००. फरक १,७०० रुपयांचा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२०च्या योजनेत दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना हा फरक दिला. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की व्याजावर व्याज कोणाकडूनच घेऊ नका, पण मूळ व्याज माफ करायला नकार दिला. ते ९० हजार कर्जदाराच्याच डोक्यावर राहिले.

याचा अर्थ सवलत घेणं चूक होतं असा नाही. ज्याच्या हातात पैसे नव्हते त्याच्यासाठी खातं थकीत होण्यापेक्षा ते शंभरपट बरं होतं. मला दुःख वाटतं ते दुसऱ्या लोकांचं. पगार नीट चालू असलेल्या कित्येकांनी "मिळतेय तर घेऊया" म्हणून हप्ते थांबवले आणि ते पैसे खर्च झाले. आमच्या काउंटरवर सप्टेंबरमध्ये नवीन वेळापत्रकाचा कागद हातात घेऊन सुन्न उभे राहिलेले शिक्षक मी पाहिलेत.

तुमच्यासारख्यांनी पुढे चार पैसे आल्यावर एक करावं. दिवाळीला किंवा हंगामाला, जमेल तेव्हा, मुद्दलात थोडी जादा रक्कम भरावी आणि हप्ता कमी न करता मुदत कमी करून मागावी. तसं लेखी द्यावं लागतं.

---

शिरोलीकर | २५ मार्च, सकाळी ७:१५

धाग्याचं शीर्षक वाचून पोटात कालवलं.

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, बावीस माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पुढे देतो. एप्रिल २०२०मध्ये देशातल्या मोठ्या कार कंपन्यांची देशांतर्गत विक्री शून्य होती. शून्य! आमचं काम तर त्यांच्या तीन पायऱ्या खाली. त्या तिमाहीत देशाचं सकल उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटलं, कारखानदारी ३९ टक्क्यांनी, बांधकाम निम्म्याने. शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली. हे आकडे मला पाठ आहेत, कारण त्यांनीच आम्हाला तारलं. आमचं चाळीस टक्के काम ट्रॅक्टरच्या भागांचं होतं. पाऊस चांगला झाला, ट्रॅक्टरची मागणी आधी उठली आणि जुलैत दोन मशीन सुरू झाली. बस-ट्रकचे भाग करणारे आमचे शेजारी दिवाळी उलटली तरी बसून होते. आमच्यात हुशारी जास्त नव्हती, ट्रॅक्टरचं काम फक्त वडिलांच्या जुन्या ओळखीने राहिलं होतं.

पण ताई, आपण दमाचं बोलतोय म्हणून सांगतो, "सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा" हा जो सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो, तो मला पटत नाही. पगारदाराला जमतं. आमच्या धंद्यात पैसा म्हणजे खेळतं भांडवल, तो रॅकवर मालाच्या रूपात पडलेला असतो किंवा गिऱ्हाइकाकडे उधारीत. बँकेत झोपवून ठेवला तर धंदा कशावर करायचा? टाळेबंदी लागली त्या दिवशी आमचं लोकांकडे येणं होतं ३४ लाख आणि खात्यात होते सव्वादोन. बुडाले नाहीत, पण "तुमचं देतो, आमचं आलं की" ही साखळी ऑक्टोबरपर्यंत हलली नाही.

सरकारच्या हमीचं तातडीचं कर्ज मिळालं, २९ फेब्रुवारी २०२०ला असलेल्या कर्जबाकीच्या वीस टक्के. तारण लागलं नाही, पहिलं वर्ष फक्त व्याज. पगार त्यातून केले. उपकार मानतो. पण ते कर्जच होतं. धंदा बंद असताना वाढलेलं कर्ज मग पुढे तीन वर्षं धंद्यातून फेडलं.

---

सुगरण_पुणे | २५ मार्च, सकाळी ११:५०

दादा, तुमचं म्हणणं समजतं. पण मग कारखान्याने दम कुठे धरायचा?

---

शिरोलीकर | २५ मार्च, दुपारी २:०५

उधारीत. मी आता तेच करतो. कोणत्याही एका गिऱ्हाइकाकडे एकूण येण्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त अडकू देत नाही. मोठी ऑर्डर सोडावी लागली तरी चालेल. दोन सोडल्या. मुलगा नाराज झाला. त्याने २०२० कारखान्यात उभं राहून पाहिलेलं नाही, तेव्हा तो अकरावीत होता.

कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी बँकेने मंजूर केलेल्या उचलीची, मर्यादाही पूर्ण वापरत नाही, एक महिन्याच्या पगाराइतकी कायम मोकळी ठेवतो. व्याजही नाही आणि अडीअडचणीला हाताशी. मात्र बँक ती मर्यादा कधीही कमी करू शकते, म्हणून त्यावरही पूर्ण भिस्त नको.

---

हिंजवडी_ते_वारजे | २५ मार्च, दुपारी ४:३०

मी पगारदार बाजूने लिहितो.

माझ्याकडे पैसे होते, पण ते चुकीच्या जागी होते. सगळी बचत शेअर बाजाराच्या फंडात. मनात ठाम होतं, की पैसा बँकेत ठेवणं म्हणजे महागाईला खाऊ घालणं. २३ मार्च २०२०ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडून २५,९८१वर बंद झाला. मी घाबरलो नाही, विकलंही नाही. मे महिन्यात कंपनीने आमचा अख्खा प्रकल्प बंद केला आणि नोकरी गेली. मग मात्र विकावं लागलं, बाजार ३१-३२ हजारांच्या आसपास असताना. जानेवारी २०२१मध्ये तोच निर्देशांक पन्नास हजारांना शिवला. माझा अंदाज चुकला नव्हता, मी फक्त थांबू शकलो नाही.

दुसरं. थोडी रक्कम एका डेट फंडात, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात होती, ती मी रोकडच समजत होतो. २३ एप्रिल २०२०ला त्या फंड कंपनीने सहा योजना एकदम बंद केल्या. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळाले, बुडाले नाहीत, पण घरभाडं भरायचं होतं मे महिन्याचं. तुमच्या पतसंस्थेचीच गोष्ट.

भविष्य निर्वाह निधीतून उचल मिळाली: तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. ती नसती तर गावी जावं लागलं असतं.

आता पाच महिन्यांचा खर्च साध्या बचत खात्यात आणि छोट्या-छोट्या मुदत ठेवींत आहे. एक मोडली तर बाकीच्या शाबूत राहतात. त्यावर मिळणारं व्याज कमी आहे, याबद्दल आता अजिबात वाईट वाटत नाही.

---

निवृत्त_मास्तर | २५ मार्च, सायंकाळी ६:१०

व्याज कमी असल्याचं वाईट कोणाला वाटतं ते आम्हाला विचारा. खाजगी शाळेत होतो, पेन्शन नाही, ठेवींच्या व्याजावर घर चालतं. त्या वर्षी कर्जदारांसाठी दर उतरवले ते योग्यच होतं, पण त्याची दुसरी बाजू आम्ही सोसली. एप्रिल २०२०मध्ये पीपीएफसुद्धा ७.९वरून ७.१वर आला. माझी मोठी ठेव नेमकी जून २०२०मध्ये संपली आणि जिथे साडेसात मिळत होते तिथे साडेपाचवर ती पुन्हा गुंतवली, पाच वर्षांसाठी. दोन वर्षांत दर वाढले, पण मी अडकलेला.

तेव्हापासून सगळ्या ठेवी एका तारखेला ठेवत नाही. दर वर्षी एक संपेल अशा पाच केल्या आहेत.

---

रोहिणी_ठाणे | २५ मार्च, सायंकाळी ७:००

पाटल्या ठेवून कर्ज काढलं होतं, ऑगस्ट २०२०मध्ये. सोनं दहा ग्रॅमला ५६ हजारांच्या घरात होतं आणि रिझर्व्ह बँकेने तेव्हा किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला परवानगी दिली होती, त्याआधी ७५. जास्त मिळतंय म्हणून जास्त घेतलं. मार्च २०२१ला सोनं ४५च्या आसपास आलं आणि पत्र आलं, की फरक भरा नाहीतर लिलाव. भावाने पैसे दिले म्हणून आजीच्या पाटल्या वाचल्या.

सोनं अडचणीला उपयोगी पडतंच. पण मिळेल तेवढं उचलू नका.

---

गोदाकाठ | २५ मार्च, रात्री ११:३५

इथे लिहावं की नाही, कालपासून विचार करत होते.

माझे मिस्टर नाशिकमध्ये टेम्पो चालवायचे. वय ४३. एप्रिल २०२१मध्ये त्यांना लागण झाली. सरकारीत बेड नव्हता, खाजगीत नेलं. राज्य सरकारने दर बांधून दिले होते, साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,००० रोजचे. मी तो कागद मोबाइलमध्ये ठेवला होता. पण पीपीई किट, महागडी औषधं, तपासण्या त्या दराच्या बाहेर. अकरा दिवसांचं बिल ३ लाख ६२ हजार झालं. विमा दोन लाखांचा होता, त्यातूनही किट-हातमोज्यांचे पैसे कापले. २ मे रोजी ते गेले.

जूनमध्ये पासबुक भरून आणलं, टेम्पोचा हप्ता किती कापला गेला ते बघायला. त्यात मागच्या वर्षीच्या मे महिन्यात एक ओळ होती: ३३० रुपये. मला काहीच कळेना. बँकेतल्या मॅडमनी स्वतःहून विचारलं, "यांचा जीवनज्योती विमा होता, माहितीय का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. त्यांनी कधीतरी खातं उघडताना सही केली असणार. वारस म्हणून माझं नाव होतं. मृत्यूचा दाखला, माझं आधार, पासबुकाची प्रत आणि फॉर्म दिला. दोन लाख रुपये खात्यात आले. टेम्पोचं कर्ज फिटलं. टेम्पो विकून उरलेल्या पैशांत शिलाईची दोन मशीन घेतली.

मी इथे लिहिते आहे ती एकाच गोष्टीसाठी. त्या बाईंनी विचारलं नसतं तर मला ते दोन लाख मिळालेच नसते. माझ्या ओळखीतल्या दोघींना मी सांगेपर्यंत त्यांनी पासबुकं बघितलीच नव्हती. एकीच्या पासबुकात ती ओळ सापडली. नवऱ्याला विचारा, मुलाला विचारा, कुठे काय कापलं जातं ते. वहीत लिहून ठेवा आणि वही कुठे आहे ते घरात दोघांना माहीत असू द्या.

---

सुगरण_पुणे | २५ मार्च, रात्री ११:५२

वैनी, लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मी आत्ता उठून आमची तिन्ही पासबुकं काढून बसले आहे.

---

कारकून_सांगली | २६ मार्च, सकाळी ९:२०

गोदाकाठ ताईंनी लिहिलेल्यात दोन गोष्टी जोडतो. नोकरीत असताना माणूस गेला आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्याच्यासोबतच एक विमा असतो. कामगाराला वेगळा हप्ता लागत नाही. २८ एप्रिल २०२१पासून त्याची कमाल रक्कम सात लाख आहे. छोट्या कारखान्यांतल्या किती घरांना हे माहीत आहे? कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजारांचं सानुग्रह साहाय्यही होतं, त्यासाठी प्रमाणपत्रावर कारण लिहून आणायला लोकांना किती हेलपाटे घालावे लागले ते मी पाहिलंय.

आणि सुगरण ताई, पतसंस्थेबद्दल. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२०पासून दर बँकेला दर ठेवीदारामागे पाच लाख, मुद्दल आणि व्याज धरून. सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थांना नाही. पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही, आमच्या जिल्ह्यात उत्तम चाललेल्या आहेत. पण अडीनडीचा पैसा तिथे नको.

---

मांडवीकर | २६ मार्च, दुपारी १:४०

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे दोनदा झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८मध्ये खाणी बंद पडल्या. माझे दोन ट्रक खनिज वाहायचे. एक पडेल भावात विकला, दुसरा उभ्या-उभ्या गंजला. मग सगळ्यांप्रमाणे मीही पर्यटनाकडे वळलो, कर्ज काढून टॅक्सी घेतली, कळंगुट-बागा पट्ट्यात. मार्च २०२०ला तीही उभी. जुलैत सरकारने पर्यटकांना परवानगी दिली, पण परदेशी चार्टर विमानं कुठे होती?

मला वाटायचं, मी धंदा बदलला म्हणजे धोका बदलला. पण ट्रक काय, टॅक्सी काय, दोन्ही कर्जावरची चाकं, बाहेरून येणाऱ्या पैशावर अवलंबून. घर चाललं ते बायकोच्या अंगणवाडीच्या मानधनावर आणि मागच्या कुळागरातल्या नारळ-सुपारीवर. जे आम्ही उत्पन्नात मोजतही नव्हतो.

---

सुगरण_पुणे | २६ मार्च, रात्री १०:१५

मांडवीकर दादा, हेच माझ्याकडे झालं, म्हणून माझं उत्तर आता लिहिते.

ती अकरा मुलं राहिली होती ना, त्यांना मी डबे द्यायला लागले, कारण बसून जेवायला परवानगी नव्हती. त्यातल्या एकाच्या घरमालकीण आजींनी विचारलं, मला देशील का? त्यांची मुलगी अमेरिकेत. स्वयंपाकाच्या बाई येत नव्हत्या. जूनपर्यंत पेठेतले आणि कोथरूडचे एकवीस ज्येष्ठ झाले. कमी तिखट, मऊ पोळी, रात्री भाकरीऐवजी मुगाची खिचडी. पोळ्यावाल्या दोघींपैकी एकीला ठेवू शकले, दुसरीला जुलैत परत बोलावलं. मधले तीन महिने तिला मी निम्मेच पैसे दिले, ते मला आजही टोचतं.

एप्रिल २०२१मध्ये पुन्हा निर्बंध आले, मुलं पुन्हा गेली. पण तेव्हा त्रेचाळीस आजी-आजोबांचे डबे चालू होते आणि खात्यात साडेतीन महिन्यांचे पैसे होते. त्या वेळी मी हप्ता थांबवला नाही. आज निम्मी आवक मुलांची, निम्मी ज्येष्ठांची. परीक्षा पुढे गेली तरी आजी जेवतात. नवीन फ्रीजर घ्यायचा होता, तो कर्जाने न घेता आठ महिने थांबून रोखीने घेतला. जागेच्या करारात आता एक कलम लिहून घेतलंय, की सरकारी आदेशाने बंद ठेवावं लागलं तर त्या काळात भाडं निम्मं. मालकांनी मान्य केलं, कारण २०२०मध्ये त्यांचीही वरची खोली सात महिने रिकामी होती.

गोदाकाठ वैनींचं वाचून मी आज पोळ्यावाल्या दोघींना विचारलं. एकीचंही नाव त्या जीवनज्योती योजनेत नाही. उद्या अकराला डबे गेले की दोघींना घेऊन बँकेत जातेय. एक ३८ वर्षांची आहे, दुसरीला जूनमध्ये पन्नास पूर्ण होतील. तिला आता मिळेल ना? पैसे मीच भरणार आहे.

---

कारकून_सांगली | २६ मार्च, रात्री १०:४४

मिळेल. पन्नासपर्यंत नाव घालता येतं, संरक्षण पंचावन्नपर्यंत चालतं. आत्ता मार्चमध्ये ११४ रुपये कापतील, ते ३१ मेपर्यंतचे. मग पुढच्या वर्षाचे ४३६ मे महिन्याच्या शेवटी आपोआप जातील, तेवढी शिल्लक दोघींच्या खात्यात ठेवायला सांगा. नव्याने नाव घातल्यावर पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दावा मिळत नाही, म्हणून उशीर करू नका. वारसाचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा, माहेरचं-सासरचं घोटाळा तिथेच होतो. आणि पोचपावती मागून घ्या.